घरच्या विमानातला मास्तर गप्प का बसतो?

बारामती आणि इंदापूर तालुक्यांत विमानाचा आवाज ऐकून आता कुणी अंगणात धावत येत नाही. बारामतीच्या धावपट्टीवरून शिकाऊ वैमानिकांची दोन-चार आसनी विमानं उडतात, उसाच्या फडांवरून वळणं घेतात, उतरतात आणि पुन्हा उडतात. नीरा डाव्या कालव्याच्या पट्ट्यातल्या कोऱ्हाळे बुद्रुकसारख्या गावात वाढलेल्या एखाद्या पोराला किंवा पोरीला पायलट व्हावंसं वाटलं, तर त्याचं नवल नाही. अडचण पैशांची असते. व्यावसायिक वैमानिकाच्या प्रशिक्षणाला लाखो रुपये लागतात. त्यामुळे बहुतेकांचं पहिलं विमान घरातल्या संगणकावरच उडतं. एक बरा संगणक, एक जॉयस्टिक आणि फ्लाइट सिम्युलेटर एवढी त्याची सामग्री.

सिम्युलेटर विमान देतो, पण चूक झाली तर टोकायला शेजारी कुणी नसतं. ती उणीव भरून काढायला आभासी इन्स्ट्रक्टर नावाची जोड-प्रणाली, म्हणजे ॲड-ऑन, मिळते. ती सिम्युलेटरच्या बरोबरीने चालते आणि हेडफोनमधून बोलते. ‘वेग कमी होतोय’, ‘फ्लॅप उशिरा सोडले’, ‘उंची सांभाळा’ असं सांगत राहते आणि विमान उतरल्यावर गुणही देते. ही कल्पना नवी नाही. मायक्रोसॉफ्टच्या जुन्या फ्लाइट सिम्युलेटरमध्ये रॉड मचाडो या अमेरिकी प्रशिक्षकाच्या आवाजातले धडे होते. २००६ साली आलेल्या ‘फ्लाइट सिम्युलेटर एक्स’वर शिकलेल्या पिढीला तो आवाज अजून आठवतो. आताचे इन्स्ट्रक्टर बरेच जास्त बोलतात आणि जास्त बारकाईने तपासतात.

बोलतात, पण चालले तर! कुणाचा इन्स्ट्रक्टर पहिल्या दिवसापासून मौनात जातो. कुणाचा अगदी सरळ उड्डाणातही ‘उंची चुकली’ म्हणून कटकट करतो. कुणाचा काल नीट चालत होता आणि आज अपडेटनंतर बंद पडला. अशा वेळी दहातले नऊ जण सगळं काढून टाकून पुन्हा बसवतात. त्यात एक संध्याकाळ आणि बराचसा डेटा खर्च होतो, दुखणं मात्र जागच्या जागी राहतं. कारण बिघाड बहुतेकदा इन्स्ट्रक्टरमध्ये नसतोच. त्याच्यापर्यंत पोहोचणाऱ्या आकड्यांमध्ये असतो.

या मास्तराला डोळे नसतात, ही गोष्ट आधी लक्षात घ्यायला हवी. पडद्यावरचं आभाळ त्याला दिसत नाही, धावपट्टी दिसत नाही, शिकणाऱ्याचा थरथरणारा हातही दिसत नाही. सेकंदाला कित्येकदा येणारे आकडे त्याला मिळतात. वेग किती, उंची किती, नाक कुठल्या दिशेला, फ्लॅप (पंखांमागच्या झडपा) किती अंश, इंजिनाचे फेरे किती. त्यावरून तो निवाडा देतो. आकडा चुकीचा आला की निवाडाही चुकतो, आणि आकडा आलाच नाही की तो गप्प.

सिम्युलेटरच्या इतिहासात आंधळा मास्तर पहिल्यापासूनच आहे. १९२९ साली अमेरिकेतल्या बिंगहॅम्टन गावच्या एडविन लिंकने पहिलं चालणारं उड्डाण-सराव यंत्र बनवलं. त्याच्या वडिलांचा ऑर्गन आणि पियानो बनवण्याचा कारखाना होता. लिंकने तिथलेच भाते वापरले. आपल्या पेटीत हवा भरतो तसलाच भाता, फक्त सुरांऐवजी तो लाकडी विमानाला डावं-उजवं झुकवायचा. सुरुवातीला हे यंत्र जत्रेतल्या पाळण्याच्या रांगेत गेलं. १९३४ मध्ये अमेरिकी लष्कराने टपालाची विमानं चालवायला घेतली, खराब हवामानात वैमानिक एकामागून एक मेले, आणि मग लष्कराने लिंककडून सहा यंत्रं विकत घेतली. दुसऱ्या महायुद्धात याच यंत्रांवर दोस्त राष्ट्रांचे लाखो वैमानिक तयार झाले.

त्या यंत्रात शिकणारा झाकणाखाली बंद असायचा. प्रशिक्षक बाहेर टेबलापाशी बसायचा. त्याच्यासमोर शिकणाऱ्याच्या उपकरणांची नक्कल असायची आणि नकाशावरून फिरणारी तीन चाकांची एक छोटी गाडी असायची. तिला ‘खेकडा’ म्हणत. ती शाईची रेघ ओढत जायची आणि प्रशिक्षक त्या रेघेवरून चूक ओळखायचा. खेकड्याचं चाक घसरलं तर निर्दोष विद्यार्थीही वाट चुकलेला दिसणार. आजच्या ॲड-ऑनचं दुखणं नेमकं हेच आहे. म्हणून बिघाड शोधताना एकच प्रश्न धरून बसायचा: आकडा कुठून निघाला आणि कुठे अडला?

मायक्रोसॉफ्टच्या सिम्युलेटरमध्ये बाहेरच्या प्रणालीला आकडे देणारी जी खिडकी आहे तिचं नाव सिमकनेक्ट. ती ‘फ्लाइट सिम्युलेटर एक्स’बरोबर आली आणि २०२० व २०२४ च्या आवृत्त्यांतही आहे. एक्स-प्लेन या दुसऱ्या लोकप्रिय सिम्युलेटरमध्ये हे काम प्लगइन करतात. इन्स्ट्रक्टर पूर्ण मुका असेल, तर आधी त्याचीच खिडकी उघडून पाहावी. बहुतेक ॲड-ऑनमध्ये ‘कनेक्टेड’ अशी खूण किंवा वेग-उंचीचे चालते आकडे कुठेतरी दिसतात. आकडे हलत असतील तर जोडणी ठीक आहे, दोष आवाजाच्या बाजूला आहे. आकडे थिजलेले असतील तर जोडणीच झालेली नाही. या एका पाहणीने अर्धं काम होतं. तरीही ती सोडून लोक थेट अनइन्स्टॉलच्या बटणाकडे धावतात.

आवाजाचा दोष सहसा फुटकळ असतो. नवा मॉनिटर एचडीएमआयने जोडला की विंडोज कधी कधी सगळा आवाज त्या मॉनिटरकडे वळवतं, आणि मॉनिटरला स्पीकरच नसतो. हेडफोन सिम्युलेटर सुरू झाल्यावर लावला तर इंजिनाची घरघर त्यात येते, इन्स्ट्रक्टर मात्र जुन्या जागी बोलत राहतो. काही ॲड-ऑन रेकॉर्ड केलेला माणसाचा आवाज वापरतात, काही विंडोजच्या यांत्रिक आवाजावर चालतात. दुसऱ्या प्रकारात तो आवाज संगणकात बसवलेला नसेल तर अक्षरं पडद्यावर येतात, कानात काही पडत नाही.

जोडणी होत नसेल तर कारणं थोडी खोलात जातात. सिम्युलेटर साध्या अधिकाराने आणि ॲड-ऑन ‘ॲडमिनिस्ट्रेटर’ म्हणून चालवलं, किंवा उलट केलं, तर विंडोज दोघांची गाठ पडू देईलच असं नाही. दोघांचे अधिकार सारखे ठेवावेत. अँटिव्हायरस एखादी फाइल गुपचूप उचलून बंदिस्त करतो, त्याची यादी तपासावी. जुन्या ॲड-ऑनला सिमकनेक्टची जुनी आवृत्ती लागते. ती वेगळी बसवावी लागते, नवीवर जुन्याचं भागत नाही. सिम्युलेटरबरोबर आपोआप सुरू होणाऱ्या ॲड-ऑनची नावं मायक्रोसॉफ्टच्या सिम्युलेटरमध्ये एका छोट्या फाइलीत लिहिलेली असतात. त्या फाइलीत एक कंस चुकला तरी यादीतलं कुणीच उठत नाही.

आणखी एक कारण खास आपल्याकडचं. विंडोज बसवताना बऱ्याच घरांत खात्याचं नाव हौसेने देवनागरीत टाकलं जातं. मग सी ड्राइव्हवरच्या त्या खात्याच्या फोल्डरचं नावही देवनागरीत होतं. जुन्या धाटणीने लिहिलेल्या कित्येक प्रणाली असा पत्ता वाचू शकत नाहीत. त्यांना आपली सेटिंग सापडत नाही, आणि ‘फाइल मिळाली नाही’ एवढंच सांगून त्या बंद पडतात. नंतर खात्याचं नाव बदललं तरी फोल्डरचं नाव बदलत नाही. रोमन लिपीतलं नवं खातं उघडून त्यात ॲड-ऑन बसवणं हाच सोपा उपाय. दोष खरं तर प्रणाली लिहिणाऱ्यांचा आहे. मराठी नावाने ज्याचं कोसळतं ते सॉफ्टवेअर अर्धवटच म्हणायला हवं. पण भांडत बसण्यापेक्षा उडणं बरं.

मुक्या इन्स्ट्रक्टरपेक्षा चुकीचं बोलणारा जास्त त्रास देतो, कारण तो कधी कधी बरोबर असतो.

उंचीचंच घ्या. विमानातला उंचीमापक खरं तर हवेचा दाब मोजतो आणि तो उंचीच्या रूपात दाखवतो. त्याला त्या दिवसाचा स्थानिक दाब सांगावा लागतो. प्रमाण दाब १०१३ हेक्टोपास्कल. पावसाळ्यात महाराष्ट्रावर दाब उतरतो, जून-जुलैत १००४ च्या आसपास असणं अगदी साधारण गोष्ट आहे. सिम्युलेटरमध्ये ‘लाइव्ह वेदर’ चालू असेल तर तोच दाब तिथेही येतो. आता उंचीमापक १०१३ वरच राहिला तर नऊ हेक्टोपास्कलचा फरक पडतो, आणि दर हेक्टोपास्कलला सुमारे २८ फूट या हिशेबाने २५० फुटांची चूक होते. तबकडी ३,००० फूट दाखवते, विमान २,७५० वर असतं. इन्स्ट्रक्टरकडे सिम्युलेटरची खरी उंची जात असेल तर तो ‘खाली आहात’ म्हणत राहणार. शिकणारा तबकडीकडे पाहून त्याला शिव्या देतो. मायक्रोसॉफ्टच्या सिम्युलेटरमध्ये कीबोर्डवरचं ‘बी’ हे बटण दाबलं की स्थानिक दाब आपोआप बसतो आणि भांडण मिटतं.

मे महिन्यातल्या दुपारी तक्रार वेगळी असते. ‘विमान चढत नाही, इंजिनात बिघाड आहे का?’ बारामतीचा परिसर समुद्रसपाटीपासून दीड-दोन हजार फूट उंच आहे. पारा ४० अंशांवर गेला की हवा इतकी विरळ होते की विमानाला आपण पाच हजार फुटांच्या पलीकडे असल्यासारखं वाटतं. सेसना १५२ या छोट्या प्रशिक्षण विमानाचं इंजिन मुळातच ११० अश्वशक्तीचं. विरळ हवेत त्याची ताकद घटते, पंखांची उचलही घटते आणि धावपट्टी जास्त लागते. इन्स्ट्रक्टर ‘चढण्याचा दर कमी’ म्हणतो ते खरंच असतं. इथे दुरुस्त करण्यासारखं काही नाही. टाकीतलं इंधन कमी करावं, सकाळी लवकर उडावं. खरे वैमानिकही उन्हाळ्यात पहाटेची वेळ पसंत करतात, त्यामागचं एक कारण हेच.

वेगाच्या बाबतीत बहुतेक गोंधळ विमानाच्या प्रोफाइलने होतो. कुठल्या विमानाला किती वेग सोसतो याचा तक्ता इन्स्ट्रक्टरला लागतो. सेसना १५२ मध्ये ८५ नॉटच्या वर फ्लॅप उघडायचे नसतात. सेसना १७२ च्या अलीकडच्या मॉडेलमध्ये पहिले दहा अंश ११० नॉटपर्यंत चालतात, पूर्ण फ्लॅपसाठी मर्यादा ८५ ची. आता १७२ उडवताना इन्स्ट्रक्टरकडे १५२ चं प्रोफाइल असेल तर तो ९५ नॉटवर दहा अंशांना हरकत घेणारच. बाहेरून उतरवून घेतलेल्या विमानाचं प्रोफाइल नसेल तर तो काहीतरी सरासरी धरतो आणि त्यावरून ओरडतो. प्रोफाइल स्वतः भरता येतं. त्यासाठी त्या विमानाच्या वैमानिक-पुस्तिकेतले वेग घ्यावेत, कुणी अंदाजाने सांगितलेले नाहीत. एककही बघावं. एक नॉट म्हणजे ताशी १.८५२ किलोमीटर, आणि काही जुन्या सेसनांच्या तबकड्या ताशी मैलात असतात. एक जण मैल वाचतो, दुसरा नॉट मोजतो, मग जमणार कसं?

हातातल्या उपकरणांकडे शेवटी लक्ष जातं, खरं तर आधी जायला हवं. स्वस्त जॉयस्टिकमधली रोधक-पट्टी झिजते आणि हात न लावताही आकडा थरथरतो. पडद्यावर ते जाणवत नाही. इन्स्ट्रक्टरला मात्र सतत डुलणारं विमान दिसतं आणि तो ‘हळुवार हाताळा’ म्हणत राहतो. विंडोजच्या गेम कंट्रोलर खिडकीत काठी मोकळी सोडून खूण स्थिर राहते का ते पाहावं. राहत नसेल तर सेटिंगमध्ये मधला निष्क्रिय भाग थोडा वाढवावा. थ्रॉटल जॉयस्टिकवरही असतो आणि वेगळ्या लिव्हरवरही. दोन्ही एकाच कामाला जोडलेले असतील तर इंजिनाची ओढाताण होते. वीज वाचवण्यासाठी विंडोज यूएसबी झोपवतं आणि उड्डाणाच्या मध्येच पेडल मरतात, हाही नेहमीचा अनुभव. ती सोय बंद करता येते.

पेडलवरून आठवलं. उड्डाण घेताना पंख्याच्या फिरण्यामुळे सेसनाचं नाक डावीकडे ओढलं जातं आणि उजवं पेडल दाबावं लागतं. ज्यांच्याकडे पेडल नाहीत त्यांच्यासाठी सिम्युलेटर ही कामगिरी स्वतः करतो. ही मदत चालू ठेवून वर कुणी काठीला पीळ देऊनही रडर (शेपटीचं सुकाणू) मारला, तर दोन चालक होतात. विमान बाजूला घसरतंय असं इन्स्ट्रक्टर म्हणतो, ती घसरण या दोघांची असते. मदत घ्यावी किंवा स्वतः करावं, दोन्ही एकदम नको.

उतरण्याच्या गुणांवर सर्वात जास्त वाद होतात. चाकं टेकली त्या क्षणी विमान किती वेगाने खाली येत होतं, यावर गुण ठरतात. मिनिटाला ६०० फूट म्हणजे सेकंदाला तीन मीटर, हा दणका चांगलाच जोरदार. पण संगणक दमलेला असेल आणि पडदा अडखळत असेल, तर तो नेमका क्षण निसटतो आणि आधीचा किंवा नंतरचा आकडा पकडला जातो. मऊ उतरलेलं विमान आपटल्याची नोंद होते, कधी आपटलेलं मऊ ठरतं. दृश्यांचा तपशील एक पायरी कमी केला की गुण माणसात येतात. मायक्रोसॉफ्टचा नवा सिम्युलेटर जमिनीची चित्रं इंटरनेटवरून ओढतो, म्हणून खेड्यातल्या संथ जोडणीवर शेतं आणि वाड्या नुसत्या रंगाच्या डागांसारख्या दिसतात. त्याचा मात्र इन्स्ट्रक्टरवर काही परिणाम होत नाही, त्याला कुठे शेतं दिसतात! वीज मध्येच गेली तर परिणाम होतो. लिहिली जात असलेली सेटिंग फाइल अर्धवट राहते आणि पुढच्या वेळी ॲड-ऑन उघडत नाही. यूपीएस घेता येत नसेल तर त्या फोल्डरची एक प्रत पेनड्राइव्हवर असू द्यावी.

इतकं करूनही कोडं सुटलं नाही तर अर्ध्या-अर्ध्याची युक्ती वापरावी. मायक्रोसॉफ्टच्या सिम्युलेटरमध्ये बाहेरचे ॲड-ऑन ‘कम्युनिटी’ फोल्डरमध्ये राहतात. त्यातले निम्मे बाजूला काढून सिम्युलेटर चालवावा. बिघाड गेला तर गुन्हेगार बाजूला काढलेल्यांत आहे, नाही गेला तर उरलेल्यांत. मग त्यातले पुन्हा निम्मे. बत्तीस ॲड-ऑन असले तरी पाच फेऱ्यांत नाव निघतं. एक्स-प्लेनवाल्यांचं काम आणखी सोपं आहे. त्याच्या मुख्य फोल्डरमध्ये लॉगची फाइल असते आणि कुठल्या प्लगइनवर येऊन गाडं अडलं ते तिच्या शेवटच्या ओळींत सहसा सापडतं. निर्मात्याकडे मदत मागताना ही फाइल, सिम्युलेटरची आवृत्ती, विमानाचं नाव आणि नेमकं काय केल्यावर बिघडलं, एवढं कळवावं. ‘चालत नाही’ एवढ्यावर कुणाला काही सांगता येत नाही.

हा सगळा खटाटोप करण्याइतकी या मास्तराची योग्यता आहे का? नियम आणि क्रम अंगवळणी पाडण्यापुरती नक्की आहे. तपासणी-यादी, वेगाचं भान, धावपट्टीभोवतीचा चौकोनी फेरा हे तो न कंटाळता शंभरदा करून घेतो, आणि त्याच्या फेऱ्यांना इंधनाचा खर्च नाही. पण त्याच्याकडून एक वाईट सवय लागते. घरी शिकलेला माणूस नजर तबकड्यांवर खिळवून बसतो, कारण गुण तबकड्यांवर मिळतात. खऱ्या छोट्या विमानात मात्र क्षितिजाकडे आणि आजूबाजूच्या विमानांकडे बघायचं असतं. ते बघितलं की नाही हे आभासी इन्स्ट्रक्टरला कधीच कळत नाही.

खरं आकाश चूक कशी वसूल करतं ते या दोन तालुक्यांनी पाहिलं आहे. २५ जुलै २०२२ रोजी बारामतीहून निघालेलं सेसना १५२ इंदापूर तालुक्यातल्या कडबनवाडीत शेतात कोसळलं. आत एकटी शिकाऊ वैमानिक होती, ती जखमी झाली आणि वाचली. ऑक्टोबर २०२३ मध्ये तर १९ आणि २२ तारखेला, चार दिवसांच्या आत, बारामती परिसरात दोन प्रशिक्षण विमानं पडली. तिथे पुन्हा सुरू करण्याचं बटण नसतं.

म्हणून घरच्या तासांचा हिशेब स्पष्ट असावा. भारतात व्यावसायिक वैमानिक परवान्यासाठी २०० तासांचं उड्डाण लागतं. नागरी विमान वाहतूक महासंचालनालय त्यात मान्यताप्राप्त सिम्युलेटरचे मोजकेच तास धरतं, घरातल्या संगणकावरचं एक मिनिटही धरत नाही. परवान्याचं किमान वय १८ आहे आणि बारावीला भौतिकशास्त्र व गणित हवं. ज्यांना पुढे खरोखर जायचं आहे त्यांनी महागडे पेडल किंवा दुसरा इन्स्ट्रक्टर विकत घेण्याआधी महासंचालनालयाच्या मान्यताप्राप्त डॉक्टरकडून दुसऱ्या श्रेणीची वैद्यकीय तपासणी करून घ्यावी. डोळे, कान आणि हृदय त्यात उतरले, तरच प्रशिक्षण संस्थेच्या फीची चौकशी करावी.